पहिल्या पंगतीचा ठराव

कढीच्या भुरक्यांचा आवाज अजून माझ्या कानात आहे. तीसेक वर्षं झाली असतील. चाळीस माणसं एकदम कढी पीत होती, आणि त्या आवाजातच रंगराव सरपंचांनी विचारलं,

"मग वेशीवरच्या कमानीचं भूमिपूजन तुमच्याच हातून करायचं ना, बुवा?"

बुवा म्हणजे मठाचे धुंडीबुवा. ते पंगतीच्या टोकाला खांबाशी टेकून बसले होते. रंगराव त्यांचे लहानपणापासूनचे शिष्य. मठाचा भंडारा होता आणि वाढायला मी होतो.

लांबून आलेल्यांची पंगत आधी, ही मठाची रीत. त्यांना उजेडात परत जायचं असतं. त्या वर्षी रंगरावांनी पंचांना आणि गावातल्या बड्या मंडळींना आधी बसवलं. कातळवाडीची माणसं दोन कोस डोंगर उतरून आली होती. ती भिंतीला लागून उभी राहिली.

त्यांच्यात कोंडाबाई होती. पंच तीही होती. तिला पाट मिळाला नव्हता.

"कमान प्यायची का आम्ही?" ती तिथूनच म्हणाली.

भुरके थांबले.

"कोंडाबाई, जेवू दे माणसांना," रंगराव म्हणाले.

"जेवा की. पैसे आमच्या पाण्याच्या टाकीचे आले होते. वाडीची विहीर माघातच आटती. लांबून पाणी आणताना दोन बाया घसरून पडल्या औंदा, एकीचं पोटातलं मूल गेलं. आणि उद्या तुम्ही कमानीचा पाया खोदणार."

"ठराव झालाय. तू होतीस त्या दिवशी."

"होते. नको म्हटलं मी. तुम्ही लिवलंत, एकमतानं मंजूर."

"नवातली आठ मतं म्हणजे एकमतच की," एक पंच म्हणाला. दोघंचौघं हसली.

"वाडीत माणसं तुमच्या गावाइतकीच हायेत. पंच मी एकटी."

"वॉर्ड काय मी पाडले? वरून आले तसे घेतले." रंगराव बुवांकडे वळले. "बुवा, सगळं कायद्यानं झालंय. बहुमत आहे. तुम्हीच सांगा हिला."

"कढी घे, रंगा," बुवा म्हणाले.

...

मी लापशीचं पातेलं आणलं. एकेकाला एकच डाव वाढायचा, असं मला सांगितलेलं होतं. मागची पंगत धरूनच ती शिजवली होती. मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकेक डाव वाढला.

"थांब," बुवा मला म्हणाले. मग पंगतीला विचारलं, "लापशी अजून कुणाला हवी? हात वर करा."

गूळ चांगला होता. हात वर झाले. त्या एकमतवाल्या पंचानं दोन्ही हात वर केले. रंगरावांनीही केला.

"कुणाला नको असं आहे का?"

कुणी बोललं नाही.

"झालं तर. ठराव मंजूर." बुवा माझ्याकडे बघून म्हणाले, "पातेलं इथंच रिकामं कर."

मला वाटलं, थट्टा करतायत.

"वाढ."

मी पहिल्या पानावर दुसरा डाव घातला. दुसऱ्या पानावर घातला. भिंतीपाशी एक म्हातारी होती, ती माझ्या हाताकडे बघत होती. तिसऱ्या पानाशी माझा हात चालेना.

"वाढ म्हटलं ना?" बुवांचा आवाज चढला. तसा तो कधी चढत नसे.

"बुवा," रंगराव म्हणाले, "मागं माणसं उभी आहेत."

"दिसतात मला."

"त्यांच्या वाटणीची आहे ती."

"हात वर झाले ना? तुझाही होता."

"पण बुवा, त्यांनीही गहू दिलाय!"

"दिलाय. घरटी शेरभर. तुझ्या घरानं दिला तेवढाच."

"मग त्यांना न विचारता आपण..."

रंगराव बोलता बोलता थांबले. पंगतीत कुणी मान वर करत नव्हतं. दोन्ही हात वर करणारा पंच पत्रावळीची कड मोडत बसला होता.

"विचारलं की," बुवा म्हणाले. "पंगतीत होते त्या सगळ्यांना विचारलं."

...

रंगरावांचा चेहरा लाल झाला होता. चारचौघांत त्यांना असं कुणी बोललेलं नव्हतं.

"मग बसवा त्यांना!" ते जवळजवळ ओरडलेच. "मी नको म्हटलंय का? आत्ता बसवा!"

बुवांनी पंगतीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. एकही पाट रिकामा नव्हता. मग ते हळू आवाजात म्हणाले,

"तू उठल्याशिवाय कुठं बसवू, रंगा?"

रंगराव उठले. हात न धुताच त्यांनी चपला पायात घातल्या, आणि ते मठाचा उतार उतरून गेले.