ठकूमायचे हात

किती वर्षं झाली ते विचारू नका. कुंभेरीच्या नदीला तेव्हा भर उन्हाळ्यातही पाणी असायचं, यावरून काय ते समजा. त्या गावात ठकूमाय नावाची मालीशवाली राहायची. बाळंतिणीचं अंग, तान्ह्या लेकरांचं न्हाऊमाखू, ओझ्यांनी वाकलेल्या पाठी, सगळं तिच्याकडे. पाठीवरून नुसती बोटं फिरवली की तुम्ही कोणत्या कुशीवर निजता ते ती सांगायची. एकदा आखडून बसलेला बैल तिने तेल चोळून औताला चालता केला, असं म्हणतात. बैल नव्हे, रेडा होता असंही काही जण म्हणतात. त्यांच्याशी कोण वाद घालणार!

तिची एक रीत होती. एकाचं अंग चोळून झालं की ती नदीकाठच्या काळ्या दगडावर दोन्ही तळवे घासायची, आणि मगच दुसऱ्याला हात लावायची. म्हणायची, "दुखणं काय हवेत जातंय व्हय? माझ्या हातात येतं. ते कुठंतरी ठेवाया नको?" दगड ते निमूट घ्यायचा. थंडीतसुद्धा तो तव्यासारखा तापलेला असायचा, असं म्हणतात.

एके दिवशी तिच्या ओसरीवर भिवसन वडार आला. चाळीस वर्षं दगड वाहून त्याचा उजवा खांदा पार निकामी झाला होता. ठकूमायने दुपारपर्यंत तो चोळला. म्हाताऱ्याने हात वर केला, तेव्हा त्याचं त्यालाच खरं वाटेना. इतक्यात शेजारची सुंद्री धावत आली. तिची आठ महिन्यांची पोर सकाळपासून रडून काळीनिळी पडली होती. ठकूमाय उठली ती थेट पोरीकडे. लेकरू रडत असताना नदीवर कोण जातंय? तिने पोट चोळलं आणि पोर गप्प झाली. पण गप्प झाली ती म्हाताऱ्यासारखी सुस्कारा टाकून, आणि तिचा उजवा हात लुळा पडला.

ठकूमायने आपल्या न घासलेल्या तळव्यांकडे पाहिलं. तिने काही लपवलं नाही. "सुंद्रे, माझी चूक झाली. भिवसनदादाचं दुखणं मी लेकरात सोडलं. पोर दे, मी परत काढते."

सुंद्रीच्या सासूने ठकूमायला हाताला धरून घराबाहेर काढलं. बरोबरच केलं, तुम्ही-आम्हीही तेच केलं असतं. ठकूमाय तिथेच दारात बसून राहिली. एक दिवस गेला, दोन गेले. तिला अन्न गोड लागेना. ज्या हातांवर सगळं गाव विसंबलं, त्यांनीच लेकराचा हात लुळा पाडला, हे तिच्याने सोसवेना. तिसऱ्या दिवशी पोरीला खुळखुळाही धरता येईना, तेव्हा सुंद्रीने सासूकडे न बघता पोर आणून ठकूमायच्या मांडीवर ठेवली.

दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत ठकूमाय तो एवढासा हात चोळत होती. सूर्य टेकायला आला आणि पोरीने तिचं बोट घट्ट धरलं. सासूही रडली. ठकूमाय तेल निथळत्या हातांनी नदीवर गेली, तळवे दगडावर घासले, सोलपटून निघेपर्यंत घासले. दगडाने या वेळी काही घेतलं नाही. ते दुखणं आता परक्याचं नव्हतं, ते तिचं स्वतःचं झालं होतं, असं म्हणतात.

तिला भाकरीचा तुकडाही मोडता येईना. लोक विचारपूस करायला यायचे, आणि बसल्या बसल्या स्वतःच्या गुडघ्यांचंच सांगायचे. गाव तसं होतं, काय करता.

सुंद्री मात्र आली ती तेलाची वाटी घेऊन. तिला मालीश कुठली येतेय? नको तिथे दाबायची, हवं तिथे सोडायची. पण तिने ठकूमायचे हात आपल्या मांडीवर घेतले आणि ठकूमाय ढसाढसा रडली. हजारो अंगं तिने चोळली होती, पण तिचे हात आजवर कुणी चोळले नव्हते. त्या दिवशी सुंद्रीच्या खांद्यात बारीकशी कळ राहिली आणि ठकूमायचं एक बोट हललं.

हे कळल्यावर भिवसन आला. "माझंच हाय ते. थोडं मला दे," म्हणाला. मग सुंद्रीची सासू आली. मग सुतार, गुरव, गुडघेवालेसुद्धा. प्रत्येकाने हात चोळले आणि प्रत्येकाला चार दिवस खांद्यात चमक भरली. महिन्याभरात चाळीस वर्षांचं ते दुखणं अख्ख्या गावाने वाटून संपवलं. ठकूमाय त्यानंतर वीस वर्षं गावाची अंगं चोळत होती.

म्हणून कुंभेरीत आजही मालीश करून घ्यायची तर आधी मालीश करणाऱ्याचे हात चोळतात. बाळंतीण उठून बसते आणि बाईचे हात तेलाने चोळते, मगच आडवी होते. मागे तिथली एक आजी कंबर धरली म्हणून तालुक्याच्या मालीश सेंटरमध्ये गेली. पांढऱ्या कोटातली मुलगी म्हणाली, "आजी, झोपा."

आजी म्हणाली, "आधी तू बस, पोरी. हात दे हिकडं."

मुलगी आधी हसली. मग आजीने तिचा अंगठा दाबला, तशी ती हळूच म्हणाली, "आजी, तिथंच दुखतंय."