चढली म्हणायचं कुणी?

"तुझ्या रांजणात दारू नाही, पाणी आहे!" राजा खंगारराव गरजला. "काल मेजवानीत अख्खी घागर रिचवली. काय झालं मला? काही नाही! ताठच्या ताठ महालात गेलो!"

ताठ गेला हे खरे. चार भोयांनी उचलून नेला, म्हणून ताठ. त्याआधी त्याने एका खांबाला मेहुणा समजून मिठी मारली होती आणि गेल्या दिवाळीला का आला नाहीस म्हणून रडला होता. सगळ्या दरबाराने ते पाहिले. बोलले कोणी नाही. कौलगडात कायदाच तसा होता. राजाला चढली असे जो म्हणेल, त्याची जीभ छाटायची.

समोर राघू कलाल हात जोडून उभा होता. गडाच्या उतारावर त्याच्या घराण्याचा द्राक्षमळा. किती पिढ्यांचा, ते त्यालाही सांगता येत नसे. घरातल्या सगळ्यांनी मिळून द्राक्षे तुडवायची, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेल्या रांजणांत रस भरायचा, तोंडे मातीने लिंपायची आणि वाट पाहायची. धंदा एवढाच. त्यात लबाडी नव्हती.

"महाराज, एक थेंब पाणी नाही हो त्यात!"

"मग मला चढली का नाही?"

राघू पेचात पडला. चढली होती म्हणावे तर जीभ जाते. नव्हती म्हणावे तर अब्रू जाते.

"उद्या दरबारात तुझी दारू आण," राजा म्हणाला. "मी पिईन. ती दारू आहे हे सिद्ध कर. नाही जमलं तर तुझे सगळे वेल उपटून तिथे माझ्या घोड्यांना गवत लावीन!"

दिवाण अंताजीपंतांनी मान डोलावली. ते कशालाही मान डोलवत. म्हणूनच दिवाण होते.

राघू घरी आला तो थेट कुंपणाशी गेला आणि धोत्र्याची बोंडे तोडू लागला. त्याची मुलगी भिवरा धावत आली.

"आबा, हे काय?"

"दारूत घालतो. राजा आडवाच पडला पाहिजे."

"मरेल तो! आणि जगला तर उठून म्हणेल, मला झोप लागली होती. टाका ती बोंडं. आपल्या दारूला धोत्र्याची कुबडी कशाला?"

"मग तू जा दरबारात! तुझी जीभ फार चालते, छाटायलाही सोपी जाईल."

"जाते की!"

भिवरा रांजणांच्या ओळीत गेली. एकेका झाकणाला कान लावला. नव्या रांजणांत रस अजून बुडबुडत होता. एक जुना रांजण अगदी गप्प होता. तिने त्याच्या तोंडाचे लिंपण फोडले आणि घागर भरून घेतली. जो बोलतो तो कच्चा, जो गप्प तो पक्का. माणसांचेही तसेच म्हणतात, पण राजांना ते लागू नाही.

दुसऱ्या दिवशी गडाच्या चौकात दरबार भरला. भिवराने गाढवाच्या पाठीवरून घागर उतरवली. राजाने पहिला पेला घेतला.

"पाणी!" दुसरा घेतला. "पाणी!" मग तो नुसताच पीत राहिला. घागर अर्धी झाली तेव्हा त्याची नजर गाढवावर स्थिरावली.

"पोरी, हा कोण?"

"आमचं गाढव, महाराज."

"काय गंभीर चेहरा आहे! केव्हाचा पाहतोय, मी बोलतो आणि हा ऐकतो. जांभई नाही की खोकला नाही."

"गुणी आहे, महाराज. पण बिचाऱ्याच्या गुणांची कदर कोण करतो?"

"कोण करतो? मी करतो! आजपासून हा माझा दिवाण! पंत, पागोटं काढा!"

अंताजीपंतांनी सवयीने मान डोलावली. मान डोलवून झाल्यावर त्यांना कळले. तोवर पागोटे गाढवाच्या डोक्यावर होते. राजाने नव्या दिवाणाला मुजरा केला आणि तिथेच घोरू लागला.

सकाळी तो सिंहासनावर येऊन बसला. डोके हाताने दाबून धरले होते.

"पाहिलंत? काही झालं नाही मला! पंत, माणसं पाठवा. वेल उपटा!"

"महाराज, हुकूम दिवाणांना सांगायला हवा," भिवरा म्हणाली. "ते चौकात गवत खातायत."

राजाने बाहेर पाहिले. मग बोडक्या डोक्याच्या पंतांकडे पाहिले.

"हा चावटपणा कोणी केला?"

"आपणच, महाराज. भर दरबारात."

"मी? गाढवाला दिवाण? मी काय शुद्धीत नव्हतो?"

सगळा दरबार जमिनीकडे पाहू लागला.

"ते मी कसं सांगू?" भिवरा म्हणाली. "मला जीभ एकच आहे. आपणच सांगा. शुद्धीत असाल, तर राजाचा शब्द तो शब्द. ते आमचे दिवाण, आणि पंत मोकळे. गाढवाच्या जागी आमच्या घागरी वाहायला कोणीतरी लागेलच आता. आणि शुद्धीत नसाल, तर माझ्या आबांच्या रांजणात पाणी नव्हतं!"

अंताजीपंत धावले. त्यांनी राजाचे पाय धरले. "महाराज! चढली होती म्हणा! पाया पडतो, म्हणा!"

आयुष्यात पहिल्यांदा पंतांनी मान न डोलवता काही सांगितले होते. राजा त्यांच्याकडे पाहत राहिला. चौकात गाढव ओरडले. राजाच्या मिशा थरथरल्या आणि तो हसत सुटला. पोट धरून, सिंहासनावरून घसरेपर्यंत हसला.

"चढली होती! अरे, काय चढली होती!"

मग एकदम थांबला. "पण पोरी, असं म्हणेल त्याची जीभ छाटायचा माझाच कायदा आहे. आता?"

"घाई करू नका, महाराज. घागर अर्धी उरलीय. जीभ गेल्यावर चव कशी कळायची?"

राजा पुन्हा हसला. त्याने कायदा तिथेच रद्द केला, मळ्याचा सारा कायमचा माफ केला आणि हातातले सोन्याचे कडे भिवराला दिले. अंताजीपंतांना दिवाणगिरी परत मिळाली. पागोटे मात्र नवे द्यावे लागले. जुने दिवाणांनी खाल्ले होते.