फिरवलेला पट

"...पण मला का नाही घेतलंत, सर?"

शिंत्रे सर सोप्यात सतरंजीवर बसून शेंगा फोडत होते. त्यांनी हातातली शेंग फोडली, दाणे वाटीत टाकले, टरफलं ताटलीत टाकली.

"उभ्या उभ्या काय विचारतोस, दिग्या? बस की."

दिग्या... किती वर्षांत कुणी त्याला या नावानं हाक मारली नव्हती! पुण्यात तो अ‍ॅडव्होकेट दिग्विजय चौगुले होता. कोर्टात तो उलटतपासणीला उभा राहिला की साक्षीदाराच्या घशाला कोरड पडायची. आज तो गडहिंग्लजला आला होता तो जुन्या हायस्कुलाच्या बोलावण्यावरून. शाळेनं मुलांच्या छंद मंडळांसाठी नवं दालन बांधलं होतं आणि संध्याकाळी त्याची फीत दिग्विजयनं कापायची होती.

भाषण तो पुण्याहूनच लिहून आणणार होता. विज्ञान मंडळ झालं, वक्तृत्व मंडळ झालं... बुद्धिबळ मंडळापाशी आला आणि त्याचा पेन थांबला. पुढं एक ओळ सुचेना. म्हणून गावात शिरल्या शिरल्या त्यानं गाडी शाळेकडे न नेता सरांच्या घराकडे वळवायला लावली.

तो बसला. गुडघे कुरकुरले.

"सर, नववीच्या वर्षी जिल्ह्याला संघ जायचा होता. शाळेत मला हरवणारा कुणी होता का?"

"नव्हता."

"आणि तुम्ही बसू कडगावेला पाठवलंत."

"पाठवलं."

"तो माझ्याशी एकदा तरी जिंकला होता का?"

"छे! एकदाही नाही."

"मग?"

सरांनी दाण्यांची वाटी त्याच्यापुढे सरकवली.

"घे. गुळाचा खडा देऊ?"

दिग्विजयला हसावं की चिडावं कळेना. असा साक्षीदार त्याला आजवर भेटला नव्हता. सगळं कबूल करत होता आणि हाती काहीच लागू देत नव्हता.

त्यानं दाणे तोंडात टाकले. आणि त्या चवीसरशी नको नको म्हणताना शनिवार आठवला...

शनिवारी सकाळची शाळा सुटली की मागं राहायची ती दुसरीच शाळा. प्रयोगशाळेत तिकिटं जमवणारी पोरं परातीत पाकिटांचे तुकडे भिजत घालायची आणि सुटलेली तिकिटं वर्तमानपत्रावर वाळत टाकून राखण करत बसायची. कुणी खिडकी उघडली की ओरडा व्हायचा. भित्तिपत्रकवाल्यांचे हात कोपरापर्यंत शाईनं माखलेले असायचे. विज्ञान मंडळानं जोडलेला रेडिओ नुसता खरखरायचा, तरी सगळे त्याला कान लावून बसायचे. शेजारच्या वर्गात वक्तृत्व मंडळातलं कुणीतरी रिकाम्या बाकांना उद्देशून "मित्रहो" म्हणून गर्जायचं.

बुद्धिबळ भूगोलाच्या खोलीत चालायचं. भिंतीवर नकाशे टांगलेले. एक काळा हत्ती हरवला होता, त्याच्या जागी दौतीचं झाकण ठेवायचे. त्या झाकणाला सगळे हत्तीच म्हणायचे. सर कोपऱ्यात शेंगांची पुडी सोडून बसायचे. कुणाला काही शिकवायचे नाहीत. फिरत फिरत येऊन पटाकडे बघायचे, "हं..." म्हणायचे आणि दाणे हातावर ठेवून पुढं जायचे.

त्या खोलीत दिग्या राजा होता. पोरं त्याच्याशी खेळायला रांग लावायची आणि हरून जाताना खूश असायची.

मग एके दिवशी फलकावर संघाची नावं लागली...

"बसू काय करतो हल्ली?" त्यानं विचारलं.

"जनावरांचा डॉक्टर झाला. इथं जवळच नूल गावात दवाखाना आहे. रविवारी येतो माझ्याकडं खेळायला."

"जिंकतो?"

"कधीमधी."

"जिल्ह्याला तर सगळे डाव हरून आला होता."

"सगळे," सर म्हणाले. मग त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली. "तू शेवटचा कधी खेळलास?"

दिग्विजयनं दाण्यांच्या वाटीत हात घातला.

ज्या दिवशी नावं लागली, त्या दिवशी घरी जाऊन त्यानं आपला पट माळ्यावर टाकला होता. पुढं कॉलेजात, वकिलांच्या क्लबात, कितीदा तरी मित्रांनी आग्रह केला. तो म्हणायचा, वेळ नाही. मुलानं एकदा वाढदिवसाला मोहरे मागितले, तर त्याला क्रिकेटची बॅट आणून दिली.

सर हात टेकत उठले. कोनाड्यातला पट काढून त्यांनी मधोमध मांडला.

"सर, माझा कार्यक्रम आहे. पाच वाजता..."

"पांढरी घे."

त्यानं घड्याळ पाहिलं. म्हातारं माणूस, किती वेळ टिकणार? त्यानं प्यादं उचलून पुढं ठेवलं.

सुरुवातीच्या चाली अवघडल्यासारख्या झाल्या. मग मात्र बोटांना आठवायला लागलं. घोडा बाहेर आला, उंटानं तिरपी वाट धरली. छातीत ओळखीचं काहीतरी ऊब धरू लागलं. सर हळू खेळत होते, हात थोडा थरथरत होता. बघता बघता त्यांचा वजीर पडला. मागोमाग एक हत्ती गेला. राजा कोपऱ्यात जाऊन बसला.

दिग्विजय पुढं वाकला. कोटाची बटणं त्यानं कधी सोडली, त्याचं त्यालाच कळलं नव्हतं.

"सर," तो हसून म्हणाला, "अजून तीच जादू आहे बघा हातात."

"आहे की," सर म्हणाले.

आणि त्यांनी पट दोन्ही हातांनी धरून अलगद फिरवला.

पांढरी सगळी फौज सरांच्या बाजूला गेली. दिग्विजयच्या पुढ्यात कोपऱ्यातला काळा राजा, एक हत्ती, एक घोडा आणि तीन विस्कटलेली प्यादी उरली.

"हे काय?"

"तुझी चाल."

"सर, हा डाव हरलेला आहे!"

"हो."

"मग खेळायचं कशाला?"

सरांनी एक शेंग उचलली... फोडली नाही. नुसती हातात धरून बसले.

दिग्विजयचा हात वर आला. त्या हाताला ही वेळ पाठ होती. शाळेत कधी डाव बिघडू लागला, की दिग्या पटावरून हात फिरवून सगळे मोहरे एकत्र करायचा. "चला, नव्यानं मांडू," म्हणायचा. कुणी काही बोलायचं नाही. तो राजा होता.

हात पटावर तसाच थांबला. समोर सर होते. पूर्वीही तेच कोपऱ्यातून बघत असणार... प्रत्येक वेळी.

त्यानं हात खाली आणला आणि घोडा हलवला.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. दारात ड्रायव्हर येऊन उभा राहिला. "साहेब, शाळेतून फोनवर फोन येतायत."

"थोडं थांबा म्हणावं," दिग्विजय मान वर न करता म्हणाला.

सर आता झपाझप खेळत होते. थरथर कुठं गेली कोण जाणे. त्यांनी जराही दया दाखवली नाही. प्यादं गेलं. दुसरं गेलं. दिग्विजयनं राजाला एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेलं, घोडा देऊन एक चाल वाचवली, हत्तीनं शह देऊन आणखी दोन वाचवल्या. एवढा विचार त्यानं जिंकताना कधी केला नव्हता. कपाळावर घाम आला. सरांचा उंट आपल्या जाळ्यात येतोय असं एका क्षणी त्याला वाटलं आणि तो लहान पोरासारखा जागच्या जागी उडाला. उंट निसटला.

"अरेरे!" तो म्हणाला. मग स्वतःच हसला.

हत्तीही गेला. एक प्यादं आणि राजा राहिला. आता हार मानून राजा आडवा करावा म्हणून त्यानं हात पुढं केला, तर सरांनी त्याचं मनगट धरलं.

"प्यादं आहे अजून."

त्यानं प्यादं एक घर पुढं सरकवलं.

पुढच्या चालीला मात झाली.

ऊन सतरंजीवरून उंबऱ्याकडं सरकलं होतं. दिग्विजय पटाकडे बघत राहिला, पोरं परीक्षेच्या निकालाकडं बघतात तसा. पण त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. भूगोलाची खोली, टांगलेले नकाशे, समोर हरूनही खुशीत उठणारी ती पोरं... ती खुशी कसली होती, हे आज पहिल्यांदा त्याला कुठंतरी लागून गेलं.

दारात ड्रायव्हर पुन्हा खाकरला.

दिग्विजय उठला नाही. त्यानं मोहरे हातानं चाचपले, एकेक मागं नेत शेवटच्या काही चाली पुन्हा लावून पाहिल्या. जमेना. मग त्यानं मान वर केली. कोर्टात इतकी वर्षं प्रश्न विचारणारा तो माणूस अगदी हळू आवाजात म्हणाला,

"सर... माझं चुकलं कुठं?"

सरांनी हातातली शेंग फोडली. दाणे त्याच्या तळहातावर ठेवले.

"जिंकत होतास ना... तिथं."