कोळीणमावशीचं जुनं जाळं

फार फार वर्षांपूर्वी, एका धुक्याच्या रानात एक कोळीण जाळ्यात गोष्टी विणायची. दर ऋतूला नवी गोष्ट. पहाटे दवात ती उजळली, की सारी किडामुंगी वाचायला जमायची.

शरदातली गोष्ट इतकी गाजली, की ती मोडायला कोळिणीचं मन धजेना. जाळं धुळीनं मळलं. पोटातला धागा आटला.

“मावशी, थंडी पडली. हेमंताची गोष्ट कधी गं?” मुंगीनं विचारलं.

“धागाच उरला नाही, बाई.”

“उरेल कसा? सगळा इथं टांगून ठेवलायस! एरवी ऋतू सरला, की जुनं जाळं गिळून नवं विणायचीस.”

कोळिणीनं डोळे मिटले आणि आपली सर्वांत लाडकी गोष्ट धाग्याधाग्यानं गिळून टाकली.

पहाटे दोन फांद्यांमध्ये एकच ओला धागा लुकलुकत होता.

“सरका रे जरा,” मुंगी कुजबुजली, “सुरुवात झालीय.”