आठवणीतला हिरवा

एकदा एका तरुण शिक्षिकेने मनाशी पक्के केले, की नववीचा वर्ग आता सोडायचा. उद्याच मुख्याध्यापकांना तसे सांगून टाकायचे. कारण म्हटले तर क्षुल्लक होते. तिने मुलांना 'शहर आणि खेडे' यांची तुलना करणारा निबंध लिहायला सांगितला होता. साऱ्या वर्गाने आधी शहर लिहून संपवले, मग खेडे लिहिले आणि खाली 'अशा प्रकारे दोन्हींत पुष्कळ फरक आहे' असे ठोकून दिले. पुन्हा पुन्हा समजावूनही तेच. शेवटी ती चिडून म्हणाली, की मागच्या वर्षीची मुले किती हुशार होती आणि तुम्ही अगदीच मठ्ठ. तेव्हापासून वर्गात कोणी तोंड उघडेना. शिकवणे हा आपला प्रांतच नव्हे, असे तिला वाटू लागले आणि ते तिला फार लागले.

ज्यांच्या हाताखाली ती स्वतः शिकली, त्या वृद्ध बाई गावातच राहत. तिने त्यांच्यापाशी मन मोकळे केले. बाईंनी सगळे ऐकले आणि कपाटातली एक साडी काढून दाखवत त्या म्हणाल्या, "चल, आधी ब्लाउजपीस आणू. भाचीच्या लग्नात ही हिरवी साडी नेसायची आहे."

साडी मात्र त्यांनी घरीच ठेवली. मॅचिंगच्या दुकानात साडीशिवाय कोणी जाते का? शिष्येला नवल वाटले, पण बाईंना विचारणार कोण. दुकानदाराने पोपटी, शेवाळी, मोरपंखी असे नाना हिरवे पुढ्यात टाकले आणि यातला कुठला, असे विचारले. बाईंनी शिष्येकडे बोट केले. "हिला विचारा. हिने आत्ताच साडी पाहिली आहे."

शिष्येने क्षणभर आठवले आणि मोठ्या विश्वासाने एक कापड निवडले.

घरी येऊन बाईंनी अंगणातल्या उजेडात ते साडीला लावून पाहिले. कापड भलतेच गडद निघाले. शिष्या खजील झाली.

"तुझ्या डोळ्यांचा दोष नाही," बाई म्हणाल्या. "एक रंग समोर आणि दुसरा मनात, अशी तुलना होत नाही. कडेला कड लावावी लागते. तुझी मुलं शहर घडी करून ठेवतात आणि मग खेडं उलगडतात. त्यांना एकच प्रश्न शहरालाही आणि खेड्यालाही विचारायला लाव." मग कापडाची घडी घालत त्या म्हणाल्या, "आणि आठवणीतला रंग गडदच असतो बरं का. मागच्या वर्षीची मुलं आत्ता तुझ्यासमोर आहेत का?"

मागच्या वर्षीच्या मुलांनीही सुरुवातीला असेच निबंध लिहिले होते, हे शिष्येला तेव्हा कुठे आठवले.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीवरून ती सरळ वर्गात गेली. त्या दिवशी मी चुकीचे बोलले, असे तिने मुलांना स्पष्ट सांगितले. मग एकच प्रश्न विचारला: शेजारी कोण राहते, हे शहरात कसे कळते आणि खेड्यात कसे?

मागच्या बाकावरची एक मुलगी अडखळत उभी राहिली. "बाई, शहरात दारावर पाटी असते, तरी माणूस माहीत नसतो. आमच्याकडे पाटी नसते..." ती थांबली.

"...पण माणूस सगळ्यांना माहीत असतो," शेजारची म्हणाली.

शिक्षिकेने ते वाक्य फळ्यावर लिहिले आणि मागे वळून पाहिले, तर कितीतरी हात वर होते.

कोणाला कमी म्हणण्याआधी, ज्याच्याशी आपण तोलतो आहोत तो खरोखरच शेजारी उभा आहे ना, एवढे पाहून घ्यावे.