नातवंडांच्या वाट्याचे पाणी

एका राज्यात अरिंजय नावाचा राजा होता. मनाचा भला, पण भारी उतावळा. दुष्काळ पडताच त्याने एका मांत्रिकाची मोहरबंद विहीर फोडली. पाणी असे उसळले की राजधानीत हत्तीसुद्धा दिवसातून दोनदा न्हाऊ लागले. नदीकडे कोणी फिरकेना. आणि राजाची लाडकी नात नीलांबा पायांकडून दगड होऊ लागली.

राजाने बागेतल्या टिटवीला विचारले, "पक्षिणी, हा कोणता शाप?"

"ते पाणी नातवंडांच्या वाट्याचे होते, महाराज. आता तीन कामे करा. विहीर बुजवा. बोडके डोंगर झाडांनी झाका. नदीच्या पाण्याला शंभर वर्षे टिकेल असा नेम लावा."

विहीर बुजली, तसा दगड कमरेशी थांबला. सात वर्षे सारे राज्य झाडे लावत राहिले, तेव्हा तो गुडघ्यांपर्यंत उतरला. मग राजाने नेम लिहिला: आधी राजधानी, मग पाटावरची गावे. दगड पुन्हा मांडीवर चढला! राजा रडकुंडीला आला.

टिटवी म्हणाली, "पाट संपतो तिथे विचारा."

तिथे पाटाचे पाणी वाटणारी भागाई चिखलात उभी होती. ती म्हणाली, "म्हाराज, शेवटच्या गावाला पैलं पानी द्या. वरच्याची तहान आधी भागली, तर तो खालचा पाट कशाला उपसंल? खालचं भरल्याबिगर आपली पाळी न्हाई म्हटलं, की समदे फावडी घेऊन येत्यात."

"आणि राजधानी?"

"ती पाटाच्या तोंडाशी हाय. तिनं शेवटी प्यावं."

प्रधान दचकला. "महाराज, नगरजन काय म्हणतील?"

"म्हणू देत," राजा म्हणाला आणि त्याने नेमावर मोहर उठवली.

नगरजनांनी दोन दिवस राजाला शिव्या मोजल्या. तिसऱ्या दिवशी घसा कोरडा पडला, तसे निमूटपणे फावडी घेऊन पाटावर गेले. अकराव्या दिवशी शेवटचे गाव भरले, मग त्याच्या वरचे, मग त्याच्याही वरचे. राजधानीच्या वेशीत पाणी आले तेव्हा नीलांबाच्या पायांचा दगड विरघळला आणि बोटे हलली. ती धावत सुटली आणि रेशमी परकरासकट थेट पाटात उतरली. राजा सर्वांदेखत ओक्साबोक्शी रडला. केवढे ओझे उतरले होते त्याच्या जिवावरचे!

राजा पुढे म्हातारा होऊन गेला, नेम मात्र राहिला. नीलांबाच्या नातवंडांनाही पाणी पुरले. तसेच ते तुमच्याआमच्या नातवंडांना पुरो.