साळुंकीची कोरी शाल

झाडाझाडांवरून सौदे चालत, त्या काळची ही गोष्ट. डोंगरापल्याडच्या डोमकावळ्याची जाहिरात पोपट इकडे ओरडून सांगे, "रेशमी शाल! कोरी, एकदाही अंगावर न घेतलेली!" साळुंकीनं घरट्यात अंथरायला ती मागवली आणि बदल्यात टपोरी उंबरं धाडली.

शाल आली. शेजारची खार बघून म्हणाली, "अगं साळूताई, ही तर नागाची कात! वापरून टाकलेली."

साळुंकी खवळली. "परतच करते मेल्याला! एकेक खोट शोधून कळवते." तिनं कात फांदीवर पसरली आणि शेपटीपासून तपासायला घेतली. खवल्यामागून खवला गेला, पण एकही तुटलेला नव्हता. कुठं शिवण नाही, चीर नाही. डोळ्यांच्या जागीसुद्धा काचेसारख्या दोन चकत्या उन्हात लखलखत होत्या.

"बाई गं," ती पुटपुटली, "हात नाहीत, पाय नाहीत, आणि एवढं अखंड उतरवलं कसं त्यानं?" खारही शेपटी हलवायची विसरली.

बऱ्याच वेळानं साळुंकीनं पोपटाला हाक मारली. "त्या कावळ्याला सांग, कात मी ठेवून घेतेय. पण म्हणावं, रेशीम कशाला म्हणालास रे? नागाची कात आहे एवढं खरं सांगितलं असतंस, तर डोंगर ओलांडून नुसती बघायलासुद्धा आले असते."